आवाज सातशे, वाजतात दहाच: वाद्यावरची बटणं गाणं कसं घडवतात

२०२३ मध्ये स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंग नावाच्या कंपनीने ईपी-१३३ हे बीट बनवायचं मशीन बाजारात आणलं. दिसायला ऑफिसातला जुना कॅल्क्युलेटर, मोठ्ठी बटणं, वर स्क्रीनची छोटीशी पट्टी, आणि आत मेमरी तेव्हा फक्त ६४ एमबी. आपल्या फोनमधले पंधरा-वीस फोटो टाकले की संपली. तेव्हा किंमत २९९ डॉलर, इथं येईपर्यंत टॅक्स-बिक्स धरून अजून वर. तरी त्याच्यावर उड्या पडल्या, रील्सवर अजून तेच दिसायलंय, आणि आता परभणी-लातूरकडची बीट बनवणारी पोरं पण घरी हट्ट धरायलीत. घरचे विचारणारच ना, "लॅपटॉप हाय की घरात, त्यात सगळंच हाय म्हणतोस, मग हे कामून पाहिजे?"

प्रश्न रास्त आहे. लॅपटॉपमध्ये ट्रॅक, म्हणजे एकावर एक चढवायचे आवाजाचे थर, पाहिजे तेवढे, आवाज हजारो, चुकलं की मागं जायची सोय, आणि त्यासमोर हे एवढंसं खोकं. थोडी फॅशन आहे ह्यात, नाही म्हणत नाही. पण नुसती फॅशन असती तर चाळीस वर्षांपूर्वीच्या मशीन्सच्या नकला आजपण विकल्या गेल्या नसत्या.

वाद्य म्हणजे नुसता आवाज नव्हे

कुठलंही वाद्य घ्या, त्याचे दोन भाग असतात. एक, आतून निघणारा आवाज. दुसरा, तो काढायला हात जिथं लागतो ती जागा, म्हणजे पट्ट्या, बटणं, फिरवायचे नॉब, पॅड, स्क्रीन, पेटीचा भाता सुद्धा. ह्या दुसऱ्या भागाला इंटरफेस म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, बाकीचे येतील तसे सांगतो. दुकानात गेल्यावर आपण सगळे पहिल्याबद्दलच विचारतो, आवाज किती, तबला आहे का, ढोलकी कशी वाजते. दुसऱ्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही, आणि गाणं शेवटी कसं होणार हे बरंचसं तोच ठरवतो.

स्वयंपाकघरात बघा. फळीवर चाळीस पुड्या असतील, येसर असेल, दगडफूल असेल, कुणीतरी केरळहून आणलेली मिरी असेल. पण रोजच्या भाजीत काय पडतं? मसाल्याच्या डब्यातल्या सात वाट्यांत जे असेल ते. फोडणी तडतडायला लागली की स्टूल घेऊन वरच्या फळीवर कोण चढणार. त्या बाईला दगडफूल आवडत नाही असं थोडंच आहे, ते लांब आहे एवढंच, म्हणून ते सणासुदीला उतरतं. आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं की त्या सात वाट्यांची चव म्हणजेच त्या घरची चव होऊन बसते.

वाद्याचं अगदी हेच होतं. जे हाताशी ते गाण्यात, जे मेनूच्या चौथ्या पानावर ते कधीतरी, म्हणजे बहुतेक कधीच नाही.

ऑक्टापॅडवाल्याचा पुठ्ठा

आपल्याकडे ह्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे ऑक्टापॅड, काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य. ऑर्केस्ट्रा असो, जयंतीचा भीमगीतांचा कार्यक्रम असो, हळद असो की भजनसंध्या, तो असतोच. ह्यातला गाजलेला रोलँड कंपनीचा एसपीडी-२०, १९९८ सालचा. आठ पॅड, ७०० आवाज, ९९ पॅच. पॅच म्हणजे कोणत्या पॅडवर कोणता आवाज बसवलाय त्याची ठरवून ठेवलेली जुळणी.

आता सातशे आवाज म्हणल्यावर माणसाला वाटतं काय न्यारं न्यारं ऐकायला मिळेल. पण एखाद्या कार्यक्रमात स्टेजच्या मागच्या बाजूला जाऊन उभं राहा. पॅडांवर पांढऱ्या टेपचे तुकडे चिकटवलेले, त्यावर बॉलपेनने खुणा, घामाने अर्ध्या पुसलेल्या. स्टँडला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला आणि त्यावर मार्करने लिहिलेलं असतं, एकवीसला लावणी, बावीसला भीमगीत, तेवीसला कोळीगीत, चोवीसला गोंधळ. हा क्रम सहज पडलेला नसतो. पॅच बदलायचा म्हणजे पुढं-मागं जायचं बटण दाबायचं, किंवा पायाचं स्विच जोडलं असेल तर ते. गाणं संपून दुसरं सुरू व्हायला मध्ये निवेदकाची दोन वाक्यं असतात, तेवढ्यात हातातल्या काड्या न ठेवता काम झालं पाहिजे. म्हणून वादक काय करतो, कार्यक्रमाचा जो क्रम असेल त्याच क्रमाने पॅच लावून ठेवतो. एक दाबलं की पुढचं गाणं तयार.

इथपर्यंत छान. आता पहिल्या रांगेतून चिठ्ठी येते, फर्माईश. ते गाणं सदतिसावर आहे आणि आपण बाविसावर. निवेदकाने तर नाव पुकारून टाकलं. मग अनुभवी वादक पंधरा वेळा बटण दाबत बसत नाही, तो आहे त्याच पॅचवर उरकतो, आणि फर्माईशीच्या गाण्याला भीमगीताची ढोलकी लागते. लोकांना काही कळत नाही, किंवा कळलं तरी चालतं. पण असं दहा कार्यक्रमांत झालं की वादक शहाणा होतो, दोन-तीनच पॅच असे करून ठेवतो की त्यात सगळं बसेल. बघा, सातशेचे दहा कसे झाले. त्याच्या आळसाने नाही झाले, त्या एका बटणाने झाले.

दुसरी गोष्ट अजून बारीक आहे. आठ पॅड, वर चार, खाली चार. ढोलकीचा धूम कुठं आणि टाक कुठं ठेवायचा हे वादक ठरवतो, पण एकदा ठरवल्यावर शेजारचे दोन पॅड फिरवून वाजवणं सोपं जातं आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणं अवघड, त्यामुळं त्याच्या हातून तेच तेच तुकडे निघायला लागतात. एकाच्या पॅडची मांडणी दुसऱ्याला दिली की तो माणूस वेगळंच वाजवतो. आणि घिस्सा, म्हणजे डग्ग्यावर मनगट घासून आवाज वर चढवतात तो, काडीने कसा घेणार? काडी तर नुसती आपटते. मग कंपनीने घिस्सा रेकॉर्ड करूनच एका पॅडवर दिला. प्रश्न सुटला, फक्त आता घिस्सा दर वेळेला सारखाच, तेवढाच लांब, तेवढाच गोल. तबलजीचा घिस्सा दोनदा सारखा येत नाही. हा फरक पुढं लागणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवला.

सोळा बटणं आणि पळता दिवा

आता जरा जपानकडे. १९८० मध्ये रोलँडने टीआर-८०८ नावाचं ताल वाजवणारं मशीन काढलं. त्याच्या तळाला एका ओळीत सोळा बटणं, चार लाल, चार नारिंगी, चार पिवळी, चार पांढरी. एक आवर्तन म्हणजे सोळा खाने. जिथं ठोका पाहिजे तिथलं बटण दाबा, दिवा लागतो, आणि मशीन सुरू केलं की दिवा डावीकडून उजवीकडे पळत राहतो. ताल डोळ्यांना दिसायला लागला. तबला न शिकलेल्या माणसाला पण कळतं की इथं ठोका आहे आणि इथं रिकामं आहे, आणि मशीन वाजत असतानाच तो एखादा दिवा विझवून बघू शकतो की आता कसं वाटतं. हे करून बघण्यातलं सुख आणि दोन पानं मेनू उघडून करायचं काम, ह्यात गाण्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

८०८ चा आवाज काही खऱ्या ड्रमसारखा नव्हता. त्याच काळात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं एलएम-१ नावाचं अमेरिकन मशीन होतं, रॉजर लिन नावाच्या माणसाने केलेलं, पण ते पाच हजार डॉलरच्या घरात आणि हे बाराशेच्या. रोलँडने १९८३ मध्ये ८०८ बंद करून टाकलं. मग ते सेकंडहँड बाजारात पडत्या भावाने जाऊ लागलं, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्या पोरांच्या हाती लागलं. हिप-हॉपचा तो छातीत घुमणारा ठोका ह्याच मशीनचा. आज आपल्याकडच्या डीजेच्या मिक्समध्ये जो लांब ओढलेला बेस येतो त्याला बीट करणारी पोरं नुसतं "८०८" म्हणतात, मशीन त्यातल्या कुणी डोळ्याने पाहिलेलं नसतं.

भरायला इतकं अवघड की भलतंच भरलं जायचं

८०८ नंतर लगेच, १९८१ मध्ये, रोलँडने टीबी-३०३ काढलं. एकटा गिटारवाला असेल तर त्याला साथीला बेस मिळावा म्हणून. ह्याचा इंटरफेस म्हणजे डोक्याला ताप. सूर वेगळे भरायचे, त्या सुरांची लांबी वेगळी भरायची, आणि दोन्ही मनात जुळवायचं. कागदावर लिहून घेतल्याशिवाय माणसाला जमत नव्हतं. धून मनात एक असायची आणि मशीनमधून निघायची दुसरीच. गिटारवाल्यांनी तोंड फिरवलं, १९८४ पर्यंत मशीन बंद.

मग काय झालं बघा. शिकागोच्या काही पोरांना ते स्वस्तात मिळालं. त्यांना गिटारला साथ पाहिजेच नव्हती. मशीनमध्ये कसलीतरी चार-सहा सुरांची वेडीवाकडी धून भरलेली, ती भरणं अवघड म्हणून ती बदलायच्या भानगडीत कुणी पडायचं नाही, पण वरच्या बाजूला नॉब होते, आवाज बंद-उघडा करणारे, चिरकवणारे, आणि ते वाजत असताना फिरवता येत होते. मग तेच फिरवत बसले. धून तीच, तिचा आवाज मात्र सतत वितळतोय, चिरकतोय. फ्यूचर नावाच्या गटाची अशी तबकडी १९८७ मध्ये आली आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा अख्खा प्रकार निघाला. सूर बदलणं अवघड होतं आणि आवाज बदलणं सोपं, म्हणून गाणं सुरांवर न चालता आवाजाच्या पोतावर चालायला लागलं.

ह्यात आपला एक माणूस आहे आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. मुंबईत हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे चरणजित सिंग. त्यांनी ८०८, ३०३ आणि ज्युपिटर-८ नावाचा कीबोर्ड घेऊन १९८२ मध्ये एक रेकॉर्ड केली, दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका. शिकागोच्या पाच वर्षं आधी. तेव्हा कुणी विचारलं नाही, २०१० मध्ये ती परत निघाली आणि जगभरचे लोक तोंडात बोट घालून ऐकत बसले. ३०३ मध्ये एक सोय होती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची, आणि रागदारीवाल्या माणसाच्या हातात घसरता सूर पडल्यावर तो दुसरं काय करणार. शिकागोवाल्यांनी कधी ती रेकॉर्ड ऐकली असेल असं समजायला काही आधार नाही. तीच मशीन, दोन वेगळे देश, आणि बऱ्यापैकी एकसारखा आवाज. ह्यावरून मशीनचा हात किती मोठा असतो ते कळतं.

जागाच नसली तर?

आतापर्यंत बटणांचं झालं, आता जागेचं. १९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० आलं. हे सॅम्पल वाजवायचं. सॅम्पल म्हणजे कुठल्यातरी रेकॉर्डमधून कापून घेतलेला आवाजाचा तुकडा. सगळे तुकडे मिळून जागा दहा सेकंद, एक तुकडा फार तर अडीच सेकंदांचा. मग न्यूयॉर्कच्या पोरांनी शक्कल काढली, ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर लावायची, गाणं भराभर पळतं, तुकडा कमी वेळात मावतो, आणि मशीनमध्ये घेतल्यावर तो परत हळू करायचा. जागा वाचली. पण हळू करताना आवाज खरखरीत, भरड व्हायचा, आधीच मशीन १२ बिटचं, म्हणजे आवाज साठवायची जाळीच मोठ्या भोकांची. ती खरखर ऐकून ऐकून लोकांना आवडायला लागली आणि नव्वदच्या दशकातल्या हिप-हॉपची ओळखच ती झाली. आता गंमत म्हणजे ज्यांच्याकडे हजारो जीबी जागा आहे ते लोक ती खरखर मुद्दाम आणायला सॉफ्टवेअर विकत घेतात.

जागा कमी म्हणून कला बदलली हे आपल्याकडे पण झालंय, आणि खूप आधी. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीवर मावणार तीन मिनिटांच्या आसपास. तासभर राग मांडणाऱ्या गायकांना आलाप कापावा लागला, बंदिश लगेच, ताना चटकन. गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसाला लेबलवर काय लिहायचं ते कळलं पाहिजे. म्हणजे कारखाना लांब होता म्हणून गाण्याला एक शेपूट आलं. पुढं रेडिओवर, नाटकाच्या पदांच्या रेकॉर्डींमध्ये ते तीन मिनिटांचं आटोपशीर मांडणं रुजलं ते रुजलंच.

चांगला कलाकार कशावरही वाजवतो, त्याचं काय?

हे मला बरेच जण म्हणतात, विशेष करून जुने वादक. "अरे, हात पाहिजे हात, मशीनला काय विचारतो." अर्धं खरं आहे. चांगला वादक कशावरही चांगलं वाजवेल, पण कशावरही *तेच* वाजवणार नाही.

यामाहाचा डीएक्स७ घ्या, १९८३ चा. त्या काळात जगात सगळ्यात जास्त खपलेल्या कीबोर्डांपैकी एक. आधीच्या कीबोर्डांवर नॉबच नॉब असायचे, यामाहाने ते काढून सपाट बटणं, एक सरकपट्टी आणि दोन ओळींची स्क्रीन दिली. नवीन आवाज तयार करणं इतकं किचकट झालं की मोठमोठे वादक पण कंपनीने भरून दिलेले आवाज, म्हणजे प्रीसेट, तेच वाजवायला लागले. ऐंशीच्या दशकातल्या प्रेमगीतांत तो काचेसारखा पियानो सगळीकडे का ऐकू येतो? हात सगळ्यांचे चांगले होते. डब्यात वाटी तीच होती.

आणि आपली पेटी. युरोपातली पेटी पायाने भाता मारून वाजायची, दोन्ही हात मोकळे. १८७५ मध्ये कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी केली. डावा हात भात्यावर गेला, उरला उजवा. एका हाताने सुरांचे मोठे गुच्छ वाजवायचे तरी कसे, पण एकेरी चाल मात्र झकास वाजते, आणि आपलं संगीत एकेरी चालीचंच, म्हणून ती इथं घट्ट बसली. कीर्तनात बसली, भजनात बसली. गायक आपला सूर सुद्धा तिच्या पट्ट्यांवरून सांगतो, काळी एक, पांढरी चार. गळा देवाने दिलेला आणि पत्ता पेटीवरचा.

आपलं संगीत ह्या खान्यांत बसतं का?

सगळ्यात खरी अडचण इथंच आहे, आणि ती यूट्यूबवरच्या इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही, कारण त्यांना ती येतच नाही.

मात्रांचा हिशोब सोपा आहे. केरवा आठ मात्रांचा, सोळा खान्यांत मजेत बसतो. दादरा सहा, रूपक सात, खाने कमी केले की जमतात, बहुतेक मशीनवर ती सोय असते. अडतं ते खान्यांच्या मधल्या जागेत. हलगी घ्या. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी, चामडं शेकून ताणलेलं. ती बारीक काडी जे भरते ते कुठल्याच खान्यावर पडत नाही, जरा अलीकडं नाहीतर जरा पलीकडं. मशीन काय करतं, ठोका जवळच्या खान्यात ओढून बसवतं, ह्याला क्वांटाइज म्हणतात. ऐकायला सगळं सरळ, आणि नाचणाऱ्याचा पाय उचलत नाही. कितीतरी हलगी-मिक्स ऐकताना असं का होतं कळत नाही, ते ह्याच्यामुळे.

रॉजर लिनला हे कळलेलं होतं. त्याने मशीनमध्ये स्विंग दिला, म्हणजे एकाआड एक ठोका ठरावीक टक्के उशिरा. अकाई कंपनीसाठी त्याने १९८८ मध्ये केलेल्या एमपीसी६० वर सोळा रबरी पॅड चार बाय चारच्या चौकटीत होते, बोटाने ठोकायचे, आणि क्वांटाइज बंद पण करता यायचं. पुढं डेट्रॉइटच्या जे डिला नावाच्या हिप-हॉपचे बीट करणाऱ्याने एमपीसी३००० वर नेमकं तेच केलं, हाताने पडतो तसा ठोका ठेवून दिला, आणि ते मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे.

मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं, दुखणं अजून जुनं. पेटीवर दोन सुरांच्या मधे जाता येत नाही, ह्या कारणावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत. डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची, म्हणजे सुरांच्या मधल्या बारीक जागांची, पेटी केली ती ह्याच दुखण्यावर. लग्नाच्या वरातीतला बेंजो पण तसाच. मूळ वाद्य जपानचं, ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिताने टाइपरायटर बघून केलेलं, तारांवर टाइपरायटरसारख्या कळा. बोटाने कळ दाबली की सूर ठाम पडतो, कुणालाही गाणं लवकर काढता येतं, पण घसरता येत नाही. मग बेंजोवाल्याने सूर लांबवायला तारेवर नखी थरथरवायला सुरुवात केली, आणि तो थरथराट म्हणजेच आज बेंजो पार्टी. वरात अर्ध्या किलोमीटरवर असली तरी ओळखू येते.

म्हणून माझं मत असं आहे, निवड कमी करणारी मर्यादा बहुतेक वेळा कामाची, भाव कमी करणारी मर्यादा बहुतेक वेळा नुकसानीची. आठच पॅड आहेत, चालतंय. चारच ट्रॅक आहेत, चालतंय, १९६७ मध्ये सुद्धा इंग्लंडचा बीटल्स बँड चार ट्रॅकच्या टेपमशीनवरच काम करत होता. पण पॅड हलकं आणि जोरात ह्यातला फरक ओळखत नाही, किंवा कीबोर्डला सूर वाकवायचं चाक नाही, हे आपल्या गाण्याला मारक आहे. बेंजोसारखा अपवाद निघतो, पण तो निघायला पिढ्या जातात.

मग काय गरिबीचं कौतुक करायचं?

नाही. हा प्रश्न टोचतो आणि टोचलाच पाहिजे. "कमी साधनांत जास्त कला" हे वाक्य ज्याच्याकडे सगळं आहे तोच फार आवडीने म्हणतो. रात्रीची लाइट गेली, लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची, रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं, ह्याने कुणाची कला बहरत नसते, चिडचिड होते. शिकागोच्या पोरांनी ३०३ घेतलं ते स्वस्त होतं म्हणून, पण ते चालू तरी होतं, आणि त्यांच्याकडं वाजवायला क्लब होते, ऐकायला लोक होते. मर्यादेने एकटीने काही केलेलं नाही.

स्वतः घालून घेतलेली मर्यादा आणि दुसऱ्याने लादलेली, ह्या दोन्ही बाहेरून सारख्या दिसतात, आतून नसतात. गोंधळ्याच्या तुणतुण्याला एकच तार असते. सुताराला सांगितलं असतं तर दुसरी लावता आली असती. पण तुणतुण्याने सूर धरायचा आणि ठेका सांभाळायचा, बाकी संबळ आणि गळा बघून घेतील, असं वाटून दिलेलं काम आहे ते.

लॅपटॉप वाईट आहे का मग?

अजिबात नाही, आणि ज्याच्याकडं आहे त्याने नव्या मशीनवर पैसे घालवायच्या आधी तोच नीट वापरून बघावा. लॅपटॉपची अडचण एवढीच की तिथं गाणं डोळ्याने होतं. माउस एक, एका वेळी एकच गोष्ट हलते. दोन नॉब दोन हातांनी फिरवता येतात, दोन माउस फिरवता येत नाहीत. आणि मागं जायची सोय असल्यामुळं माणूस आठ मात्रांच्या त्याच तुकड्यात आठ दिवस फिरत बसतो, ढोलकीचे चाळीस आवाज ऐकतो, पहिलाच बरा होता म्हणतो. अशा अर्धवट फायलींचं फोल्डर प्रत्येकाकडं असतं. उपाय पण फुकट आहे. बारा आवाज निवडून एका फोल्डरमध्ये टाका, बाकीचे महिनाभर बंद. ट्रॅक सहाच. जमलं तर साधे पॅडवाले छोटे कंट्रोलर मिळतात ते जोडा, म्हणजे डोळ्यांचं काम परत हाताकडे जातं.

एआयवर गाणं करणाऱ्यांना पण हेच लागू आहे, बरं का. तिथला इंटरफेस म्हणजे एक रिकामी ओळ. जे शब्दात सांगता येतं तेवढंच मागता येतं. "जोशपूर्ण मराठी लोकगीत" लिहिलं की मिळतं, पण संबळाचा तो आत दाबून काढलेला घुमका कोणत्या शब्दात मागणार? मी मागून बघितला तर ढोल-ताशा आला. पुन्हा मागितला तर तबला आला, वर बासरी फुकट.

दुकानात गेल्यावर काय बघायचं

घ्यायचंच असेल तर आवाज किती हे विचारूच नका, सगळ्यांत भरपूर असतात. मशीन हातात घ्या आणि दुकानदाराला म्हणा, दादा, दोन मिनिटं मला एकट्यालाच करू द्या, दाखवू नका. पुस्तक न उघडता एक ठेका बसतो का बघा. वाजत असताना आवाज बदलता येतो का, की थांबवावं लागतं? पहिल्या पॅचवरून चाळिसाव्यावर जायला किती वेळ? उन्हात स्क्रीन दिसते का, कारण आपले निम्मे कार्यक्रम उघड्यावर असतात. लाइट गेली तर केलेलं काम राहतं का उडतं, हे तर प्लग ओढूनच बघा, दुकानदार ओरडला तर ओरडू द्या. आणि सेकंडहँड ऑक्टापॅड असेल तर आठही पॅड हलक्या हाताने वाजवा, अगदी बोटाच्या टोकाने. जोरात हाणल्यावर मेलेला पॅड पण वाजतो.